नाकाखालचा मास्क

त्या वॉर्डात तिला सगळे फौजदार म्हणायचे. तोंडावर सिस्टर, पाठ वळली की फौजदार. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. रक्ताच्या आजाराचा वॉर्ड तो. तिथल्या माणसांच्या अंगात आजाराशी दोन हात करायची ताकद अशी उरलेलीच नसते. तुम्हाआम्हाला चार दिवस शिंकायला लावून निघून जाणारी सर्दी तिथे छातीत उतरते आणि माणसाला घेऊन जाते. म्हणून वॉर्डाचा कायदा साधा होता. दारातून आत पाऊल टाकलं की मास्क, आणि मास्क म्हणजे नाकासकट. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने मास्क लावूनसुद्धा आत यायचं नाही, मग तो कुणाचा बाप असो की कुणाचा साहेब.

कायदे सगळीकडेच भिंतीवर लावलेले असतात. इथला पाळला जायचा, कारण फौजदारबाई तिथली इन्चार्ज होती. कुणी मास्क हनुवटीवर घेऊन आला की ती विचारायची, दाढीला थंडी वाजते का? कुणाचं नाक बाहेर दिसलं की विचारायची, नाक घरी विसरलात काय? एकदा खुद्द मोठे डॉक्टर फोनवर बोलत, मास्क गळ्यात लटकवून आत शिरले, तर हिने दारातच हात आडवा धरला. डॉक्टर गुपचूप मागे फिरले, मास्क नीट केला आणि मग आत आले. ही गोष्ट नवीन येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगितली जायची, आणि सांगताना दर वेळी तिला थोडा मीठमसाला लागायचा. फौजदारबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मनात फुलून जायची.

अशा बाईने काय केलं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच ताणून धरण्यासारखं त्यात काही नाही.

तिची लेक आणि नात तिच्याकडेच राहायच्या. एका रात्री नातीला ताप होता, नाक वाहत होतं, आणि पोरीला आजीच्या खांद्याशिवाय झोप येत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई उठली ती घशात काटे घेऊनच. तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, आणि आदल्या दिवशी कपाट आवरलं होतं ना, त्या धुळीने झालं असणार असं स्वतःला सांगितलं. माणूस दुसऱ्याला फसवायला किती खटपट करतो. स्वतःला फसवायला एक कपाट पुरतं. दोन नर्सा रजेवर होत्या. आपण गेलो नाही तर वॉर्ड कोण बघणार, हा एक विचार. आणि दुसरा विचार असा, की मास्क असतोच की तोंडावर.

ती ड्यूटीवर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स, जिला सगळे धाकटी म्हणायचे, ती जवळ येऊन हळूच म्हणाली की मॅडम, तुम्ही घरी जा, आज मी रेटते. फौजदारबाईने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि तू माझी सासू कधीपासून झालीस, असं विचारलं. बाकीच्या हसल्या. धाकटी लाजली, ट्रे उचलून चालती झाली, आणि विषय तिथेच मिटला.

त्या वॉर्डात तेव्हा एक बाई होती, तिला सगळे शिवणवाली म्हणायचे. ती कपडे शिवायची. आजारपणातही तिची नजर समोरच्याच्या बाहीच्या शिवणीवर जायची, आणि नर्सांच्या उसवलेल्या खिशांना ती खाटेवर बसल्या बसल्या टाके घालून द्यायची. स्वभावाने गरीब, मागणं काही नाही, तक्रार काही नाही. तिला बहिणीच्या मूळपेशी द्यायच्या ठरल्या होत्या. पेशी जुळल्या होत्या, तारीख ठरली होती, बहीण येऊन राहिली होती. एकच अडचण होती. औषधांनी तिच्या हाताच्या शिरा पार गायब झाल्या होत्या. सुई लावायची म्हटलं की बाकीच्यांच्या नाकी नऊ यायचे. धाकटीने तर तिचे दोन्ही हात काळेनिळे केले होते आणि मग स्वतःच रडत बसली होती. त्या हातावर एकच हात चालायचा, फौजदारबाईचा.

त्या दिवशीही तिलाच बोलावलं. ती खाटेशी वाकली. मास्कमधली वाफ चष्म्यावर आली आणि काचा धुरकट झाल्या. इथे तिची एक जुनी सवय होती. शीर अवघड असली की ती मनगटाच्या मागच्या बाजूने मास्क खाली ढकलायची, नाकाच्या खाली. काच स्वच्छ व्हायची, शीर सापडायची, सुई आत जायची, आणि मास्क पुन्हा वर. इतक्या वर्षांत हे मास्क काढणं आहे असं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शिंप्याने टाचण्या तोंडात धराव्यात, तसा तो तिच्या कामाचा भाग होता. जगाच्या नाकावर डोळ्यात तेल घालून पहारा करणाऱ्या बाईला स्वतःचं नाक तेवढं दिसत नव्हतं.

तिने मास्क खाली ढकलला, शिवणवालीच्या हातावर तोंड आणलं आणि शीर शोधत राहिली. मध्ये दोनदा नाक ओढलं. शीर एका टोचणीत मिळाली. शिवणवालीने एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. सुईची भीती अजून गेली नाही वाटतं, असं फौजदारबाईला वाटलं. तिने तिचा गाल थोपटला आणि बाहेर आली.

बाहेर नातेवाइकांचा हॉल होता. तिथे शिवणवालीचा नवरा खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. तो बस चालवायचा. पहाटेची पाळी संपवून, अंगावरचा गणवेशही न बदलता, तो रोज थेट इथे यायचा. झोपेत त्याची मान कलंडली होती आणि मास्क घसरून नाकाखाली आला होता. त्याला ना सर्दी होती ना खोकला, आणि रुग्णांच्या खोल्या तिथून दोन दारं पलीकडे होत्या. पण फौजदारबाईचं डोकं ठणकत होतं, घसा जळत होता, अंग कणकणत होतं, आणि समोर एक नाक उघडं दिसत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने त्याला खांद्याला हलवून उठवलं आणि सगळ्या हॉलसमोर फैलावर घेतलं. मास्क कशाला देतात, कळतं का, आत कोण पडलंय, कळतं का, असं बरंच बोलली. तो गडबडून उठला, आधी चष्मा शोधायला लागला, मग मास्क. चुकलो सिस्टर, चुकलो सिस्टर, असं म्हणत होता. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "बायकोला मारायला येता का इथे? व्हा बाहेर."

ड्रायव्हरने डबा उचलला, पिशवी उचलली, आणि मान खाली घालून निघाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. तो दाराबाहेर पडेपर्यंत हॉलमधल्या प्रत्येकाने आपापला मास्क चाचपून वर ओढला, आणि ते बघून फौजदारबाईला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. ताप, सर्दी, खोकला, सगळं एकदम. तिने फोन करून पाठ धरली आहे असं कळवलं. फौजदाराला सर्दी झाली हे वॉर्डाला कसं सांगायचं? पाठ बरी. पाठीने कुणाचं वाईट होत नाही.

ती परतली तोवर शिवणवाली तापाने फणफणली होती. आधी घसा, मग खोकला, मग छाती. नाकातला नमुना तपासला तर साधीच सर्दी, शाळेतल्या पोरांना होते तीच. पण तिच्या अंगात तिला अडवणारं कोणी नव्हतं. नाकाला प्राणवायूची नळी लागली. मूळपेशींची तारीख पुढे ढकलली, बहिणीला घरी पाठवलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून विचारलं की ही सर्दी आत आली कशी? स्टाफपैकी कुणी आजारी होतं का?

सगळ्यांनी सवयीने फौजदारबाईकडे बघितलं. हीच वेळ होती. तिला ती कळली, अगदी स्वच्छ कळली. आणि तिच्या तोंडून निघालं की पेशंटचा नवरा मास्क नाकाखाली घेऊन बसला होता, मी स्वतः बाहेर काढला त्याला. यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरांनी मान डोलवली, बाकीच्यांनी हळहळ केली, आणि धाकटी खाली मान घालून नखं बघत बसली. फौजदारबाई बाहेर आली, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आरशात बघायचा तिला धीर झाला नाही.

ही बातमी ड्रायव्हरपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? हॉलमध्ये बसलेल्या माणसांना दुसरा उद्योग काय असतो. कुणीतरी त्याला समजावून सांगितलं की अरे, काही माणसांना स्वतःला काही होत नाही, पण त्यांच्या अंगातून दुसऱ्याला लागतं. त्याने ते मनाला लावून घेतलं. दिवसभर गाडीभर माणसं त्याच्या पाठीमागे खोकायची, शिंकायची. त्याला वाटलं, आपण ते सगळं गोळा करून रोज बायकोच्या उशाशी नेऊन ठेवत होतो. तेव्हापासून तो आत यायचाच बंद झाला. डबा दारावरच्या शिपायाकडे द्यायचा आणि खाली आवारात, तिच्या खिडकीसमोर उभा राहायचा. तिथेही मास्क, एकावर एक असे दोन. उघड्या आवारात, आजूबाजूला चिटपाखरू नसताना. फौजदारबाई खिडकीचा पडदा सारायला गेली की तो दिसायचा, आणि तिला बघून हात जोडायचा. ती पडदा अर्धवट सोडून निघून यायची.

शिवणवाली वाचली. हळूहळू ताप उतरला, नळी निघाली, छाती मोकळी झाली. डॉक्टरांनी नवी तारीख दिली आणि सांगितलं की आता उशीर नको, आजार पुन्हा डोकं वर काढेल, आणि मग मूळपेशींचाही उपयोग होणार नाही. पण त्या उपचारासाठी तिला वेगळ्या बंद खोलीत कित्येक आठवडे राहायचं होतं. सोबतीला घरचं एकच माणूस चालतं, आणि तेच शेवटपर्यंत. आईवडील नव्हते, मूलबाळ नव्हतं, बहीण तर पेशी देणारी, तिलाच विश्रांती हवी. राहता राहिला नवरा. आणि नवरा म्हणाला, मी नाही. मी तिला एकदा मारलंच होतं, पुन्हा नाही.

शिवणवालीने आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. एकटी मी त्या खोलीत जाणार नाही, म्हणाली. ते येणार नसतील तर राहू दे सगळं. डॉक्टर बोलले, बहीण रडली, धाकटीने विनवण्या केल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आता फौजदारबाईला पळायला जागा उरली नाही. तोवर तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं की बाई बरी होतेय ना, मग कशाला उकरायचं? आता एका माणसाचा जीव त्या न बोललेल्या वाक्याला टांगला होता. तिने डबा घ्यायला शिपायाच्या जागी स्वतः जायचं ठरवलं आणि आवारात उतरली.

ड्रायव्हर तिला बघून चार पावलं मागे सरकला. तिने त्याला बाकावर बसायला सांगितलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नातीचा ताप, बसलेला आवाज, धुरकट चष्मा, खाली ढकललेला मास्क. बोलून संपलं तेव्हा ड्रायव्हर चक्क हसला. इतक्या दिवसांत तिने त्याला हसताना बघितलं नव्हतं.

"सिस्टर, तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात," तो म्हणाला. "पण माझी समजूत काढायला स्वतःवर आळ घेऊ नका. तुम्ही तर मास्क लावूनच जन्माला आलात असं आमची ही म्हणते."

तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितके त्याचे डोळे भरून येत होते आणि तितका त्याचा विश्वास कमी होत होता. शेवटी त्याने वाकून तिच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. ती अशी मागे सरली की मागच्या भिंतीला धडकली. तिला कुणी शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

तशीच ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाले की सिस्टर, झालं ते झालं. सर्दी कुणाची कुणाला लागली याचा पंचनामा कुठे होतो? तुमचीच लागली असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. वॉर्डाचं नाव आहे, तुमची निवृत्ती तोंडावर आली आहे. नवऱ्याला आम्ही समजावतो. बाहेर पडताना तिला हलकं वाटलं. पाच-सहा पावलं चालली तोवर हलकंच वाटत होतं. मग आपल्याला हलकं वाटतंय याचीच तिला अशी शरम वाटली की ती भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तिने सभेत सांगितलं होतं तेही असंच खरं होतं. खऱ्याच्या आड लपायची तिला आता चांगली सवय झाली होती.

भेटीच्या वेळेला हॉल भरलेला असायचा. तिने शिपायाला खाली पाठवून ड्रायव्हरला वर बोलावलं, इन्चार्जचा हुकूम आहे म्हणून सांग, असं म्हणाली. तो आला आणि दाराच्या चौकटीलाच अंग चोरून उभा राहिला. धाकटी औषधांची गाडी घेऊन मधून चालली होती, ती थबकली. फौजदारबाई हॉलच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. या हॉलमध्ये तिचा आवाज कधी कापला नव्हता. आज कापला.

"या माणसाला मी इथून हाकलला होता," ती म्हणाली. "त्याला सर्दी नव्हती. मला होती. मी आजारी असून कामावर आले, आणि त्याच्या बायकोला सुई लावताना माझा मास्क नाकाखाली होता. नंतर विचारलं तेव्हा मी त्याचं नाव पुढे केलं. पाठ दुखत होती म्हणून रजा घेतली, तीही थाप होती."

ड्रायव्हर तसाच बघत होता. अजूनही त्याला ते पटत नव्हतं. तेव्हा धाकटीने गाडीचं हॅन्डल घट्ट धरून सांगितलं की खरं आहे ते. त्या दिवशी सकाळीच मी यांना घरी जा म्हटलं होतं, आवाज पार बसला होता. सभेत मी बोलायला हवं होतं, बोलले नाही.

मग हॉलला कंठ फुटला. आम्हाला नाक घरी विसरलात का विचारत होती ही, असं कुणीतरी मागून म्हणालं. एका म्हाताऱ्या बाईने काही न बोलता आपली खुर्ची उचलली आणि फौजदारबाईपासून लांब नेऊन ठेवली. खुर्चीचे पाय फरशीवर घासले तो आवाज सगळ्यांनी ऐकला. फौजदारबाईने मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटत होती.

ड्रायव्हर चौकटीतून पुढे आला. "मग मी?" त्याने विचारलं.

"तुम्ही काही केलं नव्हतं. तुम्ही झोपला होता."

तो खुर्चीत बसला. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. ती वाट बघत होती, की आता हा ओरडेल, अद्वातद्वा बोलेल, तिला ते हवंच होतं. पण तो उठला, तिच्याकडे बघितलंही नाही, आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागला. चांगला साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, इथे शिकवतात तसा. आत जायची तयारी करत होता तो.

तो येण्याआधी शिवणवालीला आपणच सांगायला हवं, म्हणून फौजदारबाई तिच्या खोलीत गेली. खरं सांगायचं तर तिची छाती आता जरा मोकळी झाली होती. जे करायचं ते केलं होतं, नाक कापून घेतलं होतं, आता होईल ते होवो. एकाच माणसाची माफी मागायची राहिली होती. ती खाटेपासून लांब, दाराशीच उभी राहिली आणि बोलायला लागली.

शिवणवाली ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फौजदारबाईचं वाक्य अर्ध्यात राहिलं.

"मला माहीत होतं," शिवणवाली म्हणाली. "तुम्ही नाक ओढत होता. तुमचा श्वास माझ्या हातावर येत होता, गरम."

मग बोलली का नाहीस, असं फौजदारबाईने विचारलं. विचारता विचारताच तिला उत्तर कळलं, पण तोंडून प्रश्न गेला होता.

"कसं बोलणार? सुई तुमच्या हातात होती." शिवणवालीने पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुम्ही रागावला असता तर पुढची सुई धाकट्या सिस्टरांनी लावली असती. त्यांना माझी शीर सापडत नाही. मला फार दुखतं हो. म्हणून मी गप्प बसले. मग यांना तुम्ही बाहेर काढलंत ते आतपर्यंत ऐकू आलं. तेव्हाही गप्प बसले. हे खाली उन्हात उभे राहायचे, मी खिडकीतून बघायचे. रोज वाटायचं, आज सांगीन यांना. पण मग हे तुमच्याशी भांडायला आले असते."

फौजदारबाईला खाटेच्या कडेचा आधार घ्यावासा वाटला, पण खाटेजवळ जायचा तिला आता धीर नव्हता. ती दाराची कडी धरून उभी राहिली. आपल्या धाकाने माणसं जगतात, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. त्या धाकाने एका आजारी बाईचं तोंड बांधलं होतं, आणि तिच्या नवऱ्याला उन्हात उभं केलं होतं.

"त्यांना सांगू नका," शिवणवाली घाईघाईने म्हणाली, कारण बाहेर पावलं वाजत होती. तिचे डोळे भरले होते. "मला माहीत होतं हे त्यांना सांगू नका. पाया पडते तुमच्या."

दार उघडलं. ड्रायव्हर आत आला. एकच मास्क, नाकावर दाबून नीट बसवलेला. तो थेट खाटेशी गेला आणि त्याने बायकोचा हात हातात घेतला. फौजदारबाई निघायला वळली.

"ऐकलंस ना सगळं?" तो बायकोला म्हणत होता. "आणि मी वेड्यासारखा खाली उभा राहत होतो. तुला तरी काय माहीत, बिचारी."

"हो ना," शिवणवाली म्हणाली, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून तिने फौजदारबाईकडे बघितलं. त्या नजरेत अजूनही भीतीच होती. फौजदारबाईने मान हलवली, सांगणार नाही म्हणून, आणि बाहेर येऊन हळूच दार लावून घेतलं.